नऊ धावांच्या पलीकडे : भाऊसाहेब निंबाळकरांची कारकीर्द आणि संस्थानी क्रिकेटचा अस्तकाळ

प्रस्तावना

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर हे नाव एका आकड्याशी कायमचे जोडले गेले आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्धच्या रणजी करंडक सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. सर डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर आला असताना प्रतिस्पर्धी संघाने खेळ सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. या दोन घटनांची सांगड घालून त्यांच्या कारकिर्दीकडे पाहण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. हुकलेला विक्रम आणि हुकलेली कसोटी हीच जणू त्यांची ओळख होऊन बसली आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या पद्धतीने समाधान लाभत नाही. पाव शतकाच्या आसपास पसरलेली, सहा संघांतून झालेली आणि जवळजवळ पाच हजार धावांची कारकीर्द एका मध्यंतरापुरती आक्रसून टाकणे हे त्या खेळाडूवर अन्याय करणारे आहे. शिवाय ज्या व्यवस्थेत तो खेळला तिचे स्वरूपही त्यामुळे झाकले जाते. निंबाळकरांची कारकीर्द ही संस्थानी आश्रयावर उभ्या असलेल्या क्रिकेटच्या अस्तकाळाची आणि नोकरीवर आधारलेल्या क्रिकेटच्या उदयाची कारकीर्द आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पुण्यातील तो सामना, त्याचा अनपेक्षित शेवट आणि निवड समितीचे मौन या तिन्ही गोष्टी या संक्रमणाच्या संदर्भात पाहिल्यास अधिक स्पष्ट होतात.

पुणे शहर आणि क्रिकेट

पुण्याची मूळ वस्ती म्हणजे कसबा पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती आणि लाल महाल यांच्या आधाराने वाढलेले हे शहर पेशवाईत पेठापेठांनी विस्तारले. १८१७-१८ च्या सत्तांतरानंतर शहराच्या पूर्वेस लष्करी छावणी वसली आणि एकाच गावाचे शहर व कॅम्प असे दोन भाग झाले. क्रिकेट पुण्यात आले ते कॅम्पाच्या बाजूने. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पूना जिमखान्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पाळवणकर बाळू हे मैदानाची निगा राखण्याचे काम करीत आणि सरावासाठी कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या गोऱ्या फलंदाजांना गोलंदाजी टाकीत. त्यांना तेथे फलंदाजीची संधी नव्हती. चर्मकार समाजातील या असामान्य डावखुऱ्या गोलंदाजाला पुण्यातील हिंदू संघाने आपल्यात घेतले, परंतु मैदानावरील सहभोजन आणि स्पर्श यांचे नियम मात्र दीर्घकाळ सुटले नाहीत.

कॅम्पातून हा खेळ मुठेच्या काठाने पेठांकडे आणि पुढे डेक्कन जिमखान्याच्या परिसराकडे सरकला. १९०० साली सुरू झालेल्या पूना यंग क्रिकेटर्स या संस्थेतून आजचा पी.वाय.सी. हिंदू जिमखाना घडला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्रा. दि. ब. देवधर (१८९२-१९९३) यांच्यामुळे या शहराच्या क्रिकेटला एक सुशिक्षित, मध्यमवर्गीय चेहरा मिळाला. १९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी केलेल्या १४८ धावा ही भारताला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच्या काळातील एक महत्त्वाची खेळी होय. भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली खेळला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. त्यांनाही कसोटी खेळावयास मिळाली नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकला.

येथे ‘महाराष्ट्र’ या नावाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. मराठी भाषकांचे राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. परंतु रणजी स्पर्धेत १९३४-३५ पासून महाराष्ट्र नावाचा संघ खेळत होता. मुंबई शहर त्यात नव्हते, विदर्भही नव्हता. पुणे हे या संघाचे केंद्र होते आणि सांगली, कोल्हापूरसारख्या दक्षिणेकडील संस्थानी मुलखातील खेळाडू हे त्याचे बळ होते. निंबाळकर हे त्यांपैकीच एक.

संस्थानी आश्रय आणि खेळाडूंचे स्थलांतर

निंबाळकरांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत. मध्यमगती गोलंदाजी हीदेखील त्यांच्या खेळाची एक बाजू होती; प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर ५८ बळी आहेत. त्यांचे थोरले बंधू रावसाहेब निंबाळकर हे यष्टिरक्षक म्हणून प्रसिद्ध होते. भाऊसाहेबांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले ते १९३९-४० च्या हंगामात, बडोद्याकडून.

याच हंगामात सांगलीचे विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे हजारे बडोद्याला गेले आणि निंबाळकर महाराष्ट्राकडे आले. कोल्हापूरचा खेळाडू बडोद्याकडून प्रारंभ करतो, सांगलीचा खेळाडू महाराष्ट्राला विजेतेपद मिळवून देऊन बडोद्याचा आधारस्तंभ होतो, ही देवाणघेवाण आज चमत्कारिक वाटेल. त्या काळी मात्र ती स्वाभाविक होती. क्रिकेटपटूला खेळाचे मानधन नव्हते. त्याला हवा असे तो आश्रय. आणि तो देण्याची ऐपत प्रामुख्याने संस्थानिकांपाशी होती. नवानगर, बडोदा, होळकर ही नावे रणजी करंडकाच्या विजेत्यांच्या यादीत दिसतात, त्यामागे हा आश्रय होता. होळकर दरबाराने कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यासारख्या खेळाडूंना लष्करातील हुद्दे देऊन इंदूरला आणले आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा करंडक जिंकला.

निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्यभारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून खेळले. हा क्रम केवळ एका खेळाडूच्या भटकंतीचा नाही. बडोदा आणि होळकर ही संस्थानांची नावे. मध्यभारत व राजस्थान ही विलीनीकरणानंतर घडलेल्या राज्यसंघांची नावे. आणि रेल्वे हे केंद्र सरकारच्या एका खात्याचे नाव. होळकर संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर इतिहासजमा झाला आणि त्याची जागा मध्यभारत संघाने घेतली. रेल्वेचा संघ १९५८-५९ पासून रणजी स्पर्धेत उतरला. तो रेल्वेच्या सेवेतील खेळाडूंचा संघ होता. दरबारी आश्रयापासून सरकारी नोकरीपर्यंतचा भारतीय क्रिकेटचा प्रवास एकाच माणसाच्या कारकिर्दीत इतक्या सुस्पष्टपणे उमटलेला क्वचितच आढळेल.

१६ ते १८ डिसेंबर १९४८

महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यातील सामना १६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात सुरू झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या डावात दुसऱ्या गड्यासाठी कमल भांडारकर आणि निंबाळकर यांनी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकरांनी २०५ धावा केल्या. १९३४ साली ओव्हल मैदानावर पॉन्सफर्ड व ब्रॅडमन यांनी दुसऱ्या गड्यासाठी रचलेला ४५१ धावांचा विक्रम या जोडीने मागे टाकला, आणि तो मान पुढे १९७४ पर्यंत तिच्याकडेच राहिला. निंबाळकरांचा एक जागतिक विक्रम हुकला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच डावात त्यांनी दुसरा एक जागतिक विक्रम भांडारकरांसह प्रस्थापित केला होता, याचे स्मरण मात्र फारसे होत नाही. भांडारकर बाद झाल्यावर प्रा. देवधरांचे चिरंजीव शरद देवधर (९३) यांच्यासह निंबाळकरांनी तिसऱ्या गड्यासाठी २४२ धावा जोडल्या.

सामन्याच्या तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ते ४९४ मिनिटे, म्हणजे आठ तास चौदा मिनिटे, खेळपट्टीवर होते. या खेळीत ४९ चौकार आणि १ षटकार होता. चौकार-षटकारांच्या २०२ धावा वजा केल्यास उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या ठरतात. म्हणजेच निम्म्याहून अधिक. जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे क्वीन्सलंडविरुद्ध ४५२ धावा करणाऱ्या ब्रॅडमन यांच्या खेळीतही ४९ चौकारच होते. तथापि त्यांना ४१५ मिनिटे लागली होती. तासाला ब्रॅडमन यांचा वेग सुमारे ६५ धावांचा तर निंबाळकरांचा सुमारे ५४ धावांचा पडतो.

या मध्यंतरात काय घडले याविषयी पुढे प्रचलित झालेल्या वृत्तांतांचा आशय साधारणपणे असा : निंबाळकरांना स्वतःला ब्रॅडमन यांच्या आकड्याची कल्पना नव्हती, ती त्यांना मध्यंतराच्या सुमारास मिळाली. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आपला संघ परत जाईल, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी विक्रमासाठी आणखी दोनेक षटके मागितली. ती मान्य झाली नाहीत. काठियावाडने सामना सोडून दिला आणि महाराष्ट्र विजयी ठरला.

ठाकूरसाहेबांचा निर्णय

या निर्णयाची संभावना सामान्यतः अखिलाडूपणा म्हणून केली जाते, आणि ती अगदीच निराधार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या पराक्रमाला दोन षटकांचा अवकाश नाकारणे हे खेळाच्या परंपरेला शोभणारे नव्हते. तथापि इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट स्पर्धेच्या नियमांची. रणजी स्पर्धेत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झाली होती. त्यामुळे सामन्याचा निकाल केव्हाच ठरून गेला होता आणि मैदानावर उरला होता तो केवळ वैयक्तिक विक्रमाचा प्रश्न. डाव पुढे चालू ठेवण्यास महाराष्ट्राला कोणतीही आडकाठी नव्हती, तसाच क्षेत्ररक्षण करीत राहण्यात काठियावाडला कोणताही लाभ नव्हता. दोन दिवस चेंडूमागे धावलेल्या संघाच्या दमणुकीचा विचारही येथे करावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काठियावाडातील संस्थानांचे एकीकरण होऊन सौराष्ट्र हे राज्य फेब्रुवारी १९४८ मध्ये अस्तित्वात आले होते. म्हणजे पुण्याच्या सामन्यापूर्वी दहा महिने राजकोटच्या गादीची सत्ता संपली होती. संस्थान उरले नव्हते, पण संघाचे नाव काठियावाड हेच होते आणि कर्णधारपद ठाकूरसाहेबांकडेच होते. पूर्वी वेस्टर्न इंडिया आणि नंतर काठियावाड म्हणून खेळणारा हा संघ १९५०-५१ पासून सौराष्ट्र या नावाने खेळू लागला. निंबाळकरांचे कोल्हापूर संस्थानही १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १ मे रोजी बडोद्याचे विलीनीकरण झाले. राजसत्ता गेली तरी मैदानावरचे राजेपण काही काळ टिकून राहिले. आणि त्या राजेपणात आपण म्हणू तेव्हा खेळ थांबेल ही मुभा गृहीत होती. ठाकूरसाहेबांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. परंतु संघ हा कर्णधाराच्या मर्जीने मैदानातून बाहेर पडू शकतो, त्याला रोखणारी प्रभावी यंत्रणा नसते आणि त्याचे परिणाम फक्त नाबाद फलंदाजाला भोगावे लागतात, ही परिस्थिती त्या व्यवस्थेचेच अपत्य होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

धावांचे मूल्य

निंबाळकरांच्या खेळीचे मूल्यमापन करताना एक आक्षेप नेहमी पुढे येतो : गोलंदाजी दुबळी होती आणि तो काळच धावांचा होता. आक्षेपाचा दुसरा भाग वस्तुस्थितीला धरून आहे. १९४०-४१ मध्ये पुण्यातच महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले. त्या सामन्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या प्रा. देवधरांनी २४६ आणि खंडू रांगणेकरांनी २०२ धावा केल्या. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. १९४४-४५ मध्ये रुसी मोदी यांनी एकाच रणजी हंगामात १००८ धावांचा पल्ला गाठला. १९४५-४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा उभारल्या. त्यात सहा शतके होती. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. निंबाळकरांच्या खेळीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबई व महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामन्यात ६५१, ४०७, ८ बाद ७१४ आणि ६०४ अशा चार डावांत मिळून २३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा तो उच्चांक ठरला.

यावरून खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल होत्या, सामने प्रदीर्घ चालत आणि संघांच्या बळात मोठी तफावत असे, हे सिद्ध होते. परंतु याच परिस्थितीत, याच मैदानांवर अनेक थोर फलंदाज खेळत असताना चारशेचा टप्पा एकाच भारतीयाने ओलांडला, हेही त्यातूनच सिद्ध होते. रणजी स्पर्धेत संजय मांजरेकर यांच्या ३७७ (१९९०-९१) आणि पृथ्वी शॉ याच्या ३७९ (जानेवारी २०२३) या खेळींनीही तो आकडा गाठला नाही.

एकूण कारकिर्दीचे आकडे अधिक बोलके आहेत. निंबाळकरांनी ८० प्रथम श्रेणी सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा केल्या. त्यात १२ शतके व २२ अर्धशतके आहेत. यांपैकी ३६८७ धावा रणजी करंडकातील असून तेथील सरासरी ५६.७२ आहे. या आकड्यांची फोड केल्यास दोन निष्कर्ष निघतात. एक, नाबाद ४४३ ही खेळी पूर्णपणे वगळली तरी रणजी सरासरी सुमारे ५० आणि एकूण सरासरी सुमारे ४३.५ राहते. म्हणजे एका डावाने मोठी झालेली ही कारकीर्द नव्हे. दोन, रणजी स्पर्धेबाहेरील त्यांच्या धावा ११५४ भरतात आणि त्यांची सरासरी सुमारे ३२ पडते. त्या काळी रणजीबाहेरचे प्रथम श्रेणी सामने म्हणजे बहुधा निवडक संघांचे किंवा परदेशी पाहुण्या संघांविरुद्धचे सामने. तेथील गोलंदाजी साहजिकच अधिक कसदार असे. निंबाळकरांविषयीच्या गौरवपर लेखनात या दुसऱ्या आकड्याकडे डोळेझाक होते. परंतु निवड समितीच्या मौनाचा विचार करताना तो नजरेआड करणे योग्य होणार नाही.

कसोटीचे दार

निंबाळकरांना कसोटीची संधी का मिळाली नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अन्याय या एका शब्दात दिले जाते. कालपट समोर ठेवल्यास चित्र काहीसे वेगळे दिसते.

जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखालील वेस्ट इंडीज संघ १९४८-४९ मध्ये भारताच्या दौऱ्यावर होता. दुसरी कसोटी मुंबईत ९ ते १३ डिसेंबर या काळात झाली. तिसरी कोलकात्यात ३१ डिसेंबरला सुरू झाली. निंबाळकरांची खेळी या दोन कसोटींच्या मधोमध येते. निवडीच्या दृष्टीने याहून अनुकूल मुहूर्त असू शकत नाही. परंतु संघात जागा कोणाची रिकामी होती? दिल्लीच्या पहिल्या कसोटीत हेमू अधिकारी यांनी नाबाद ११४ धावा केल्या होत्या. मुंबईत दुसऱ्या डावात मोदी यांनी ११२ आणि हजारे यांनी नाबाद १३४ धावा करून सामना वाचवला होता. कर्णधार लाला अमरनाथ, विनू मांकड आणि दत्तू फडकर हे फलंदाजीबरोबर गोलंदाजीचाही भार वाहत होते. कोलकात्यात संधी मिळालेल्या मुश्ताक अली यांनी १०६ धावा केल्या. मधल्या फळीत प्रवेश मिळवणे हे त्या हिवाळ्यात अत्यंत कठीण होते.

यांतील फडकरांचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेही कोल्हापूरचे. मुंबईकडून खेळताना त्यांनी १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटी संघात स्थान मिळवले आणि वेगवान गोलंदाजी व फलंदाजी या दोन्ही बळांवर ते टिकवले. एकाच गावच्या दोन खेळाडूंपैकी एकाला कसोटी मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, याचे कारण प्रादेशिक पक्षपात एवढेच मानता येत नाही. संघाची गरज हेही ते कारण होते.

खरा घात केला तो कालगणनेने. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका संपल्यानंतर भारताने पुढचा अधिकृत कसोटी सामना खेळला तो नोव्हेंबर १९५१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. ही पावणेतीन वर्षे निंबाळकरांच्या वयाच्या एकोणतिसाव्या ते बत्तिसाव्या वर्षाची होती. फलंदाजाच्या परिपक्वतेचा हाच काळ. या अवधीत राष्ट्रकुल संघ भारतात येऊन गेले, १९४९-५० मधील एका अनधिकृत कसोटीत निंबाळकर भारताकडून खेळले. परंतु त्या सामन्यांना अधिकृत दर्जा नव्हता. १९५१-५२ मध्ये अधिकृत कसोटी क्रिकेट पुन्हा सुरू झाले तेव्हा पंकज रॉय, विजय मांजरेकर अशी नवी पिढी उभी राहिली होती. निवड समितीला भविष्यकाळ दिसत होता आणि निंबाळकर भूतकाळाकडे सरकले होते. यात सहेतुक अन्यायापेक्षा संधींचे दारिद्र्य अधिक आहे. त्या पावणेतीन वर्षांत अधिकृत कसोटी सामने झाले असते तर निवड समितीला निंबाळकरांच्या नावाचा विचार टाळता आला नसता, असे म्हणण्यास आधार आहे. पण त्यांना जाणूनबुजून डावलले, असे म्हणण्यास तेवढा आधार सापडत नाही.

उत्तरकाळ आणि स्मरण

कसोटीचे दार बंद झाल्यावरही निंबाळकर थांबले नाहीत, ही बाब या कारकिर्दीत सर्वाधिक महत्त्वाची मानली पाहिजे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत, वयाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपर्यंत, ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिले. भारतीय संघात निवड होण्याची आशा मावळल्यानंतरची सुमारे बारा-तेरा वर्षे इंदूर, राजस्थान, रेल्वे अशा निरनिराळ्या संघांकडून धावा करीत राहणे यामागे उपजीविकेची गरज असेल आणि खेळावरील निष्ठाही असेल. या दोहोंना एकमेकांपासून वेगळे काढण्याचे कारण नाही. खेळाडूच्या निष्ठेला पोटापाण्याचा आधार लागतो, आणि तो आधार दरबाराने सोडल्यावर रेल्वेसारख्या खात्यांनी उचलला, म्हणूनच देशांतर्गत क्रिकेट टिकले.

स्वतः ब्रॅडमन यांनी या खेळीची वाखाणणी करणारा संदेश निंबाळकरांना धाडल्याचे सांगितले जाते. ब्रॅडमन यांचा विक्रम अखेर जानेवारी १९५९ मध्ये कराची येथे हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला. पाचशेवी धाव घेताना ते धावबाद झाले. निंबाळकरांना त्या नऊ-दहा धावा मिळाल्या असत्या तर हा मान दहा वर्षे पुण्यात झालेल्या खेळीकडे राहिला असता. १९९४ साली ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावा केल्यानंतर निंबाळकरांची खेळी प्रथम श्रेणीच्या यादीत चौथी झाली आणि आजही ती त्याच स्थानी आहे. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची ती जगातील सर्वोच्च खेळी आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००२ सालच्या सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान केला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये ही परंपरा खंडित झालेली नाही. पुण्याचे सुरेंद्र भावे यांनी १९८६ नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत जवळपास आठ हजार प्रथम श्रेणी धावा केल्या. त्यांनाही भारताकडून खेळावयास मिळाले नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ५९४ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणीतील कोणत्याही गड्यासाठीचा ६२४ धावांचा जागतिक विक्रम तीस धावांवर असताना २ बाद ६३५ वर डाव घोषित झाला. डाव घोषित करणारा कर्णधार स्वतः गुगळेच होता. दोन प्रसंगांत अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे. पहिल्या प्रसंगी प्रतिस्पर्धी संस्थानिकाच्या मर्जीने खेळ थांबला. दुसऱ्या प्रसंगी संघाचे हित पाहून फलंदाजाने स्वतःच तो थांबवला. निर्णयाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे आला, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, नाबाद ४४३ ही खेळी अपवादात्मक असली तरी निंबाळकरांची कारकीर्द तिच्यावर अवलंबून नाही. ती वगळूनही रणजी स्पर्धेत पन्नासच्या आसपास सरासरी राखणारा फलंदाज शिल्लक राहतो.

दुसरा, पुण्यातील सामन्याचा शेवट हा केवळ एका कर्णधाराच्या स्वभावाचा प्रश्न नव्हता. सत्ता गमावलेल्या संस्थानी वर्गाचे मैदानावरील अधिकार शाबूत असण्याच्या संक्रमणकाळात तो घडला.

तिसरा, कसोटी संघातील अनुपस्थितीमागे भरगच्च मधली फळी, रणजीबाहेरील तुलनेने साधारण कामगिरी आणि १९४९ ते १९५१ या काळातील अधिकृत कसोटींचा पूर्ण अभाव ही तीन कारणे ठळकपणे दिसतात.

चौथा, सहा संघांतून झालेला त्यांचा प्रवास हा आश्रित खेळाडूपासून नोकरदार खेळाडूपर्यंतच्या सामाजिक स्थित्यंतराचा दस्तऐवज आहे.

देशांतर्गत क्रिकेटचा इतिहास आपल्याकडे बहुधा राष्ट्रीय संघाच्या प्रवेशद्वाराशी उभा राहून लिहिला जातो. आत गेलेल्यांची चरित्रे होतात आणि बाहेर राहिलेल्यांची हळहळ होते. निंबाळकरांनी ज्या मैदानांवर ४८४१ धावा केल्या, ती मैदाने, तेथील संघ, आश्रयदाते आणि प्रेक्षक यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. तो लिहिला गेला तर अपुऱ्या राहिलेल्या नऊ धावांपेक्षा पूर्ण झालेल्या ४४३ धावा अधिक महत्त्वाच्या वाटू लागतील.